सुपातले पांढरे दाणे आणि झिऱ्याचे पाणी



गेल्या नाताळात आमच्या दवाखान्यात मदतीची खोकी आली. घोंगड्या होत्या, साबण होते, मुलांचे स्वेटर होते. एका खोक्यात लोहाच्या टॉनिकच्या चोवीस बाटल्या होत्या आणि सोबत चिठ्ठी होती : "सिकलसेलच्या लेकरांचे रक्त वाढावे म्हणून." चिठ्ठी वाचून डोळे भरून आले. तरी त्या बाटल्या मी कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. त्या लेकरांपैकी एकालाही त्यातला चमचाभर दिला नाही.

असे का केले, हे पाठवणाऱ्यांना कळायला हवे. दवाखाना पाहायला आलेले पुष्कळ जण मला विचारतात, "सिस्टर, या मुलांनी काय खावे? काय खाऊ नये?" त्यांच्यासाठीही हा लेख आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल हे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. तांबड्या रक्तपेशी गोल व लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, या मुलांची दहा ते वीस दिवस. म्हणून त्यांचे हिमोग्लोबिन नेहमी कमी दिसते.

लोहाचा घोटाळा इथेच होतो. फिकट मूल पाहिले की आपण म्हणतो, लोह कमी आहे. पण पेशी फुटली तरी तिच्यातले लोह शरीरातच राहते आणि पुन्हा वापरले जाते. शिवाय या मुलांना अनेकदा रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते, आणि जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्या शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठत जाते. काही रुग्णांना लोह खरोखर कमी पडते, नाही असे नाही. पण ते रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवायचे. या मुलांना रोज लागते ते फॉलिक अॅसिड, कारण शरीर सतत नव्या पेशी घडवत असते. त्याची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते.

एवढे मला ठाऊक होते. तरीही एका घरी माझी चूक झाली, तीही सांगते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एका पाड्यावर गेले होते. अकरा वर्षांचा एक मुलगा आमच्या यादीत आहे, त्याला बघायला. त्याची आई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. रेशनचा तांदूळ पसरून त्यातला एकेक पांढरा दाणा ती वेचून बाजूला टाकत होती. दुपार टळत आली तरी तिचे तेच चालू होते.

"काय वेचता, ताई?"

"प्लास्टिक आहे हो, सिस्टर. पाण्यात टाकले की तरंगते. पोराला आधीच दुखणे, त्यात हे पोटात गेले तर?"

हा प्रश्न तोपर्यंत मला दहा घरांत विचारून झाला होता. मी चार दाणे घेतले आणि पाट्यावर चिरडले. पीठ झाले. उरलेले तिच्या भातात टाकून शिजवले, ते भातासारखेच मऊ झाले. मग तिला समजावले. हा पोषणयुक्त तांदूळ. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ते पीठ यंत्रात दाबून त्याचे तांदळासारखे दाणे पाडतात, आणि शंभर किलो साध्या तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. दाबून केलेला दाणा हलका असतो, म्हणून तरंगतो. प्लास्टिक त्यात नाही.

तेव्हा मुलगा आतून पोत्याचा छापील तुकडा घेऊन आला. आश्रमशाळेत शिकतो, वाचता येते. त्याने बोट ठेवून मला दाखवले : सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न खाऊ नये, अशी सूचना होती. आई माझ्याकडे बघू लागली. एका हाताने लोहाचे टॉनिक नको म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने लोहाचा तांदूळ खा म्हणायचे, हे कसे? मला उत्तर देता आले नाही.

मी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना विचारले. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. एक किलो पोषणयुक्त तांदळात लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. मुलाने दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाल्ला, तर पोटात जाणार सहा ते साडेआठ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागणार. मोठ्यांच्या लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम असते. रक्ताच्या पिशवीचा आकडा वर दिलाच आहे. "सिस्टर, काळजी करायची तर गोळीची आणि पिशवीची करा," डॉक्टर म्हणाले. "ज्याला वरचेवर रक्त चढते त्याने मला विचारावे. पण घरात भाताशिवाय दुसरे काही नसताना तांदूळ टाकून मुलाला उपाशी ठेवू नका."

ही सूचना छापण्याची सक्ती २०१८ च्या नियमांत होती. रेशनवर दुसरा तांदूळच मिळत नसेल तर गरिबाने ही सूचना पाळायची कशी, असा सवाल अनेकांनी केला, तो रास्तच होता. पुढे तज्ज्ञांनी पुन्हा विचार केला आणि २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ती सक्ती काढून टाकली. तुमच्या ओळखीच्या कोणाकडे जुने पोते असेल आणि ते घाबरले असतील, तर त्यांना हे सांगा.

उत्तर घेऊन मी पाड्यावर परतले ते आठ दिवसांनी. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, पोराला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेले, तिथून जीपने रुग्णालयात.

मुलगा खाटेवर वाकडा होऊन विव्हळत होता. सलाईन चालू होते. आईने जे सांगितले ते असे. विहीर आटल्यामुळे नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचे पाणी आणत होते. रात्रीचा भात उरला होता, तो झाकून चुलीजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी आमचूर वाळवायला गेली होती, तेव्हा मुलाने तोच भात खाल्ला. रात्रीपासून जुलाब. तशातच संध्याकाळनंतर त्याला पाणी द्यायचे नाही, हा घरचा नियम. कारण तो झोपेत अंथरूण ओले करतो.

तो भात तिने एकेक पांढरा दाणा वेचून रांधलेला होता.

मी तिला काय बोलणार? ओसरीवर बसून मी तिला तांदळाबद्दल अर्धा तास समजावले होते. पाणी कुठून आणता, उरलेला भात कधी खाता, मूल दिवसाला किती पाणी पिते, यातले काहीही मी विचारले नव्हते. तिने दाण्याची भीती धरली आणि मीही तिच्यासोबत दाण्याकडेच बघत राहिले.

या मुलांना दूषित अन्नपाण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त का, हे डॉक्टरांनी त्या दिवशी मला पुन्हा नीट सांगितले. पहिले कारण प्लीहा. रक्तातले जंतू गाळण्याचे काम ती करते, आणि सिकलसेलमध्ये ती लहानपणीच निकामी होत जाते. विषमज्वराच्या जातीचे, साल्मोनेला नावाचे जंतू अर्धवट शिजलेल्या अंड्यातून, कोंबडीच्या मांसातून किंवा घाण पाण्यातून पोटात जातात. आपल्याला त्यामुळे दोन दिवस जुलाब होतील. या मुलांच्या बाबतीत ते रक्तात उतरून हाडापर्यंत पोचू शकतात. दुसरे कारण मूत्रपिंड. या आजारात मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून लघवी जास्त होते आणि अंथरूण ओले होते. ती मुलाची खोड नव्हे, आजाराचाच भाग आहे. अशा मुलाचे पाणी तोडले किंवा त्याला जुलाब झाले, की रक्त घट्ट होते, पेशी अडकतात आणि कळा सुरू होतात.

तेव्हापासून आम्ही घरोघरी जातो ते प्रश्नांची यादी घेऊन. आम्ही काय सांगतो ते इथे देते. आपल्या शहरातल्या घरी मधुमेहाचा, मूत्रपिंडाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण असेल, तर यातले स्वच्छतेचे बरेचसे त्यालाही लागू पडेल. पाणी आणि मीठ किती घ्यायचे, हे मात्र अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाणी आधी. झिऱ्याचे किंवा ओढ्याचे पाणी फडक्याने गाळून, खळखळ उकळून, झाकून ठेवावे. सरपण नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे औषध घ्यावे आणि ते टाकल्यावर अर्धा तास थांबावे. हंड्यात हात बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. आमच्या त्या मुलाला डॉक्टरांनी दिवसाला निदान दोन लिटर पाणी सांगितले आहे. अंथरूण ओले झाले तर धुता येते.

भात लागेल तेवढाच रांधावा आणि ताजा खावा. उन्हाळ्यात रात्रीचा भात दुसऱ्या दिवशी या मुलांना देऊ नये. वास आला नाही म्हणजे तो चांगला, असे नसते. पोषणयुक्त तांदूळ हलकेच धुवावा, फार चोळू नये आणि जास्तीचे पाणी ओतून देऊ नये. ती पेज प्यावी.

अंडे टणक होईपर्यंत उकडावे. अमृत आहार योजनेत अंगणवाडीच्या मुलांना अंडी मिळतात, ती फार चांगली गोष्ट आहे. फक्त कच्चे-पक्के नको. कोंबडीचे मांस आतपर्यंत शिजवावे. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

शेंगदाणा काळपट, कडवट किंवा बुरशी आलेला असेल तर टाकून द्यावा. ते विष भाजून जात नाही. बाजारातल्या रंगीत बर्फाच्या कांड्या कोणत्या पाण्याच्या असतात कोणास ठाऊक. त्यांपासून मुलांना दूर ठेवावे.

मग खावे काय? पाड्यावर जे पिकते त्यातच पुष्कळ आहे. ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची आणि तुरीची डाळ, पावसाळ्यातल्या रानभाज्या, पेरू, सीताफळ. डाळी आणि पालेभाज्यांत फॉलिक अॅसिड असते, पण भाजी फार उकळून तिचे पाणी फेकले तर ते निघून जाते. मोठ्या माणसांना सांगतो की दारूने अंगातले पाणी तुटते. उसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांना सांगतो की पाण्याचा कॅन कोयत्याइतकाच आठवणीने न्या.

जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा. आणि १०१ च्या वर ताप आला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावे.

आता आपल्याविषयी. आपण प्रेमाने पाठवता, म्हणून विनंती करायला धीर होतो. लोहाचे टॉनिक आणि ताकदीच्या पावडरी पाठवू नका. झाकणाचे, तोटीचे पाण्याचे हंडे पाठवा. मुलांना शाळेत नेता येतील अशा पाण्याच्या बाटल्या पाठवा. डाळ आणि साबण पाठवा. गरम कपडेही पाठवा, कारण थंडीनेही या मुलांच्या कळा उठतात. आणि रात्री-अपरात्री जीपचे भाडे देता येईल एवढा निधी आमच्याजवळ असू द्या.

त्या चोवीस बाटल्या वाया गेल्या नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ज्या गरोदर बायांना लोह कमी असल्याचे सांगितले, त्यांना आम्ही त्या दिल्या. सिकलसेलच्या वाहकांनाही, आजार नसल्यामुळे, लोह कमी असेल तर ते घेता येते. पाठवणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

मुलगा नऊ दिवसांनी घरी आला. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. या वेळी बाजूला फक्त खडे होते. दाराशी तोटीचा हंडा होता आणि कोळशाने भिंतीवर रेघा ओढलेल्या होत्या. मुलगा म्हणाला, एक पेला प्यायला की एक रेघ. मी मोजल्या. सात होत्या, आणि संध्याकाळ व्हायची होती.

त्याच्यासाठी आणि आमच्या यादीतल्या सगळ्या लेकरांसाठी प्रार्थना करा. उन्हाळा जवळ आला आहे.