ओझं किती, आणि ते नेमकं कुठे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भंगारवाल्याचं दुकान आहे आणि त्याच्याकडे मोठा वजनकाटा आहे. मे महिना लागला की ओळखीतलं कुणीतरी लेहला निघतं आणि गाडीला काय काय बसवून घेऊ, म्हणून विचारायला येतं. मी त्याला आधी त्या काट्यावर नेतो. यंदा आलेल्या मुलाकडे हिमालयन ४५० होती. बायकोला मागे बसवून जायचा बेत होता. ॲल्युमिनिअमच्या दोन पेट्या, त्यांची लोखंडी चौकट, टॉप बॉक्स, क्रॅश गार्ड, तंबू, हत्यारं, पेट्रोलचे दोन कॅन आणि कपडे असं सगळं काट्यावर ठेवलं. ५४ किलो भरलं.

तो म्हणाला, "काका, पण ही ॲडव्हेंचर बाइक आहे. एवढं तर सहज नेईल."

हा पहिला गैरसमज, आणि पुढचे बरेचसे यातूनच निघतात. गाडी उंच आहे, पुढचं चाक २१ इंची आहे, तिच्या जाहिरातीत डोंगर दिसतात, म्हणून ती हवं तेवढं ओझं वाहते असं नसतं. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरेल ते तुमच्या वाट्याचं. हिमालयन ४५० स्वतः १९६ किलोची आहे आणि तिच्यावर जेमतेम दोनशे किलो चढवता येतं. त्यात दोन माणसं आली, त्यांची हेल्मेट, जॅकेट, बूट आले, आणि दुकानातून आणून बसवलेला प्रत्येक गार्ड आणि प्रत्येक नट-बोल्टही आला. त्या दोघांचं अंगावरच्या सगळ्यासकट वजन १५० किलो होतं. वर ५४ म्हणजे २०४. घरातून निघायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली होती.

त्यातही मला खटकतं ते हे, की रिकाम्या पेट्या आणि चौकट मिळूनच पंधरा-सतरा किलोच्या घरात जातात. म्हणजे एक मोजाही न भरता तेवढं ओझं वर चढतं. कापडी सॅडल बॅगांची जोडी याच्या निम्म्याहूनही हलकी असते.

पेट्या आणि कापडी बॅगा यांवर वाद फार होतात. "पेटी मजबूत, बॅग कच्ची" हे त्यातलं ठरलेलं वाक्य. पेटीला कुलूप लागतं आणि हॉटेलबाहेर गाडी लावून निवांत झोपता येतं, हे खरं आहे. डांबरी रस्त्यावरून जाणार असाल, रोज वेगळ्या गावी मुक्काम असेल, तर पेटी घ्याच. पण स्पितीसारख्या दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडी हळू चालते, तोल जातो, आपण चटकन पाय टेकवतो. गाडी पुढे सरकत असते, टेकलेला पाय मागे राहतो आणि पोटरी पेटीच्या पुढच्या कडेखाली सापडते. घोटा मोडायची ही अगदी नेहमीची तऱ्हा आहे. कापडी बॅग तिथे दबते. शिवाय गाडी आडवी झाली की ॲल्युमिनिअमची पेटी चेपते, झाकण बसेनासं होतं, आणि ॲल्युमिनिअमला टाका मारणारा वेल्डर प्रत्येक गावात नसतो. साध्या लोखंडी पाइपची चौकट मात्र ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कुणीही जोडून देतो. बॅगेची काळजी वेगळी: ती सायलेन्सरपासून किमान चार बोटं लांब राहायला हवी, नाहीतर तळ वितळतो. आणि दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला तरी कोकणातल्या जुलैच्या पावसात चेन असलेली बॅग आत पाणी घेतेच. तोंड गुंडाळून बंद होणारी आतली पिशवी वेगळी घ्या.

"वजन तेवढंच, मग ते कुठेही ठेवलं तरी काय फरक पडतो?"

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा हिशेब करू. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकतो. समजा त्यात १५ किलो आहे आणि त्याचा मध्य आसापासून ४० सेंटिमीटर मागे आहे. हिमालयनच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे दीड मीटर. आता गाडी सी-सॉसारखी वागते, आणि आस हा तिचा टेकू होतो. १५ किलोला ०.४ मीटरने गुणून दीड मीटरने भागलं की ४ किलो येतात. एवढा भार पुढच्या चाकावरून उचलला जातो आणि मागच्या चाकावर १५ च्या जागी १९ किलो पडतात. पुढचं चाक हलकं झालं की हँडल हलकं लागतं. महामार्गावर ट्रकच्या वाऱ्याचा झोत आला की गाडी शेपूट हलवू लागते. लोक टायरला दोष देतात, वाऱ्याला देतात. बरेचदा कारण असतं ती मागची पेटी. तेच १५ किलो दोन माणसांच्या मधोमध आणि खाली असते, तर गाडीला त्याचा निम्मा त्रासही झाला नसता.

म्हणून हत्यारं, सुटे भाग, टायर ट्यूब, पाण्याच्या बाटल्या असं जड सामान बाजूच्या बॅगांच्या तळाशी, आणि शक्य तेवढं पुढे ठेवा. झोपायची बॅग, जॅकेट, फरसाणाचे पुडे मागे आणि वर. टॉप बॉक्सवर किंवा त्याच्या पट्टीवर भाराचा आकडा छापलेला असतो. तो बहुधा एक आकडीच असतो, आणि बॉक्स मोठा आहे म्हणून तो वाढत नाही. डाव्या-उजव्या बॅगा काट्यावर एकदा तोलून घ्या. सायलेन्सरची बाजू मुळातच थोडी रुंद आणि जड असते, हे लक्षात ठेवा.

आता शॉकअप. "मागचा शॉकअप कडक करून घेतला, आता चिंता नाही," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. गॅरेजवाला आकड्यासारखा पाना घेतो, स्प्रिंगखालची खाच असलेली कडी दोन-तीन घरं फिरवतो, आणि आपल्याला वाटतं स्प्रिंग कडक झाली. ती झालेली नसते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. कडी फिरवून त्यातलं काहीच बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची. ओझ्याने मागून बसलेली गाडी पुन्हा जागेवर येते. हे कमी महत्त्वाचं मुळीच नाही. गाडी मागून बसली की हेडलाइट वर जातो आणि समोरचा ट्रकवाला सारखा डिपर मारतो, वळणावर गाडी रुंद जाते, आणि खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. पण ओझं फारच असेल तर कडी शेवटच्या घरावर नेऊनही भागत नाही. तिथे जाड तारेची स्प्रिंग तरी घ्यावी लागते, नाहीतर सामान तरी उतरवावं लागतं.

हे घरी मोजता येतं. गाडी मेनस्टँडवर घ्या, मागचं चाक लटकू द्या. आसापासून सरळ वर सीटखालच्या एका बिंदूपर्यंत टेपने माप घ्या, तिथे चिकटपट्टी लावा. मग गाडी चाकांवर उभी करा, सगळं सामान चढवा, दोघं बसा आणि तिसऱ्याला पुन्हा तेच माप घ्यायला सांगा. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा असावा. जुन्या ४११ च्या हिमालयनमध्ये मागची हालचाल १८० मिलिमीटर आहे, म्हणजे फरक साठच्या आसपास हवा. नव्वद आला तर प्रत्येक खड्ड्यासाठी निम्मीच जागा उरली.

टायरच्या हवेबद्दल एक उलटा सल्ला फिरतो: "उंचीवर टायर फुगतात, म्हणून पुण्यातूनच हवा कमी भरून निघा." बाहेरचा दाब कमी झाला की टायरमधला दाब जास्त दिसतो, इथपर्यंत बरोबर. पुण्याहून लेहच्या ३,५०० मीटरवर गेलं की त्यामुळे सुमारे ४ पीएसआय वाढतात. पण पुण्यातले ३० अंश आणि लेहच्या सकाळचे १० अंश यांतल्या फरकामुळे ३ पीएसआय उतरतातही. हिशेब जवळजवळ मिटतो. या सल्ल्यावर निघालेला माणूस मात्र मधले दीड-दोन हजार किलोमीटर कमी हवेवर, पूर्ण ओझं घेऊन, राजस्थानच्या उन्हातून गाडी पळवतो. टायर तापतो, खड्ड्यात रिम वाकते. पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे हवेचे दोन आकडे असतात. त्यातला दोघांचा आकडा भरा आणि रोज सकाळी, टायर थंड असताना तपासा.

पेट्रोलच्या कॅनचंही तसंच. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे, आणि तिचे फोटो पाहून सगळे कॅन घेतात. ४५० ची टाकी १७ लिटरची आहे. ओझं आणि चढ धरून लिटरला २५ किलोमीटर जरी पडले तरी ४२५ किलोमीटर होतात. तांदीला टाकी गच्च भरा, वाटेत फाटे फोडणार नसाल तर कॅनची गरज नाही. पँगाँग, हानलेकडे वळणार असाल तर न्या, पण लेहमध्ये भरून. मनालीत काठोकाठ भरलेला प्लॅस्टिकचा कॅन बारालाचाच्या ४,८९० मीटरवर फुग्यासारखा तट्ट होतो. वाफेला जागा म्हणून वर थोडा रिकामा ठेवावा, आणि तो सायलेन्सरच्या बाजूला कधीच बांधू नये.

सायलेन्सर बदलला की उंचीवर गाडी ओढते, हेही ऐकतो. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येते. ४० अश्वशक्तीचं इंजिन तिथे चोविसेकच देतं. कुठलाही सायलेन्सर ती हवा परत आणत नाही. दहा किलो सामान कमी केलंत तर खारदुंगला चढताना ते जाणवेल.

कायद्याचं भय मात्र बऱ्याचदा चुकीच्या जागी असतं. बाजूच्या पेट्या लावल्या म्हणून पोलिस गाडी जप्त करतील, असं काहींना वाटतं. काहींना वाटतं, आपली गाडी, आपण काहीही करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख नोंदणी प्रमाणपत्रावरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलांत होणाऱ्या बदलांवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बोल्टने बसणारी आणि काढता येणारी चौकट हा तसा बदल नाही. दुचाकीवरच्या हलक्या पेटीसाठी तर केंद्राने जुलै २०२० मध्ये मापंच दिली: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर दुसरा बसवायचा नाही. खरी चूक होते ती साडी गार्ड काढून चौकट बसवण्यात, कारण मागच्या चाकावरचं ते संरक्षण नियमाने सक्तीचं आहे. बॅगेच्या पट्ट्याखाली झाकलेली नंबरप्लेट आणि इंडिकेटर हेही पकडायला पुरेसे आहेत.

जादा दिव्यांबद्दल थोडक्यात. धुक्यात पिवळा प्रकाश जास्त लांब जातो, ही समजूत बरोबर नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. दिवा खाली बसवलेला आणि झोत आडवा, रस्त्याला धरून असणं महत्त्वाचं. हेडलाइटच्या वायरला जोड मारून दिवे लावू नका. बॅटरीवरून वेगळी वायर, जवळच फ्यूज आणि मध्ये रिले हवा.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी गल्लीतल्याच एका वेल्डरकडून चौकट करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी दिवेआगरला निघालो. ताम्हिणी उतरताना मागून घसघस आवाज येऊ लागला. वाटलं चेनला माती लागली असेल. थांबून पाहिलं तर डाव्या चौकटीचा खालचा बोल्ट गेलेला आणि पेटी आत झुकून टायरवर घासत होती. रबरावर दोन बोटं रुंद चकचकीत पट्टा पडला होता. पुढे पाच-सहा किलोमीटर तसाच गेलो असतो तर चाक अडकलं असतं, आणि माझ्या मागे मुलगी बसलेली होती. वेल्डरचा टाका शाबूत होता. बोल्टखाली साधा वॉशर होता, एवढंच कारण.

तेव्हापासून मी आत नायलॉनची कडी असलेले नट वापरतो आणि बायकोच्या ड्रॉवरमधलं लाल नेलपॉलिश घेऊन नटापासून चौकटीपर्यंत एक सलग रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना न लावता, चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सगळे बोल्ट तपासून होतात. नवं काही बसवलं की पहिल्या शंभर किलोमीटरला एकदा थांबून सगळं आवळायचं. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून बांधायची, कारण ती चेनमध्ये गेली की चाक जागच्या जागी थांबतं. आणि लवचीक हुकांच्या दोऱ्या सामानासाठी वापरायच्याच नाहीत. त्या खड्ड्यागणिक ताणल्या जातात, सामान सरकतं, आणि सुटलेला हुक थेट डोळ्याकडे येतो.

त्या मुलाला मी सगळं सामान चढवून, बायकोसकट, एका रविवारी वरंधा घाटात जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर त्याने टॉप बॉक्स काढला, दोन्ही कॅन काढले, पेट्यांच्या जागी कापडी बॅगा घेतल्या. पुन्हा काट्यावर आलो. या वेळी २९ किलो भरलं. तो लगेच वाकून नेलपॉलिशच्या रेघा बघायला लागला, आणि उजव्या बाजूची एक तुटलेली निघाली.