ए ढापण्या, माइक घे!

ढापण्या. चष्मिस. स्कॉलर. पुस्तकी किडा. इंजिनीअरिंगला गेलात तर घासू. शाळा-कॉलेजात यातलं एखादं तरी बिरुद ज्यांना चिकटलं, त्यांनी हात वर करा. बघा, तुमच्या ऑफिसातला अर्धा फ्लोअर हात वर करून बसलाय! दिवसा एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, रात्री ब्लॅक होलवरच्या डॉक्युमेंटरी आणि कुणी विचारलंच तर ‘नाही रे, असंच बघत होतो’. ही जमात आपली आवड लपवण्यात एकदम एक्स्पर्ट.

अमेरिकेत याच जमातीतल्या एका वेब डिझायनरने २००० साली उलटा फंडा काढला. डेमियन हेस त्याचं नाव, स्टेजवर एमसी फ्रंटलॉट. चष्मा, टाय आणि कॉम्प्युटरच्या भाषेतलं रॅप. ‘नर्डकोर’ हा शब्द त्याने आपल्या गाण्याच्या नावातच घातला आणि बघता बघता तो एका अख्ख्या प्रकाराचं नाव झाला. मग रांगच लागली. केन लॉरेन्स नावाच्या पठ्ठ्याने स्टीफन हॉकिंग यांच्यासारख्या यांत्रिक आवाजात गँगस्टर रॅप केलं आणि स्वतःला चक्क ‘एमसी हॉकिंग’ म्हणवून घेतलं. २००८मध्ये या मंडळींवर ‘नर्डकोर रायझिंग’ नावाची डॉक्युमेंटरीही आली.

हे सगळं ऐकायला धम्माल आहे. पण खरं सांगू? यातलं बरंचसं एकदाच ऐकावंसं वाटतं. ‘बघा, चष्मेवाला रॅप करतोय’ हा जोक दुसऱ्यांदा हसवत नाही. जे टिकलं, त्यात जोकपेक्षा जास्त काहीतरी होतं.

उदाहरणार्थ ‘लार्ज हॅड्रॉन रॅप’. २००८मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जगातला सगळ्यात मोठा कणप्रवेगक सुरू व्हायचा होता. परिघ २७ किलोमीटर, जमिनीखाली, गोल बोगद्यात. तिथे विज्ञानलेखन करणाऱ्या केट मॅकअल्पाइनने त्या मशिनवर रॅप लिहिलं, मित्रमैत्रिणींना हेल्मेट घालून त्याच बोगद्यात नाचवलं आणि व्हिडिओ नेटवर टाकला. लाखो लोकांनी तो पाहिला. मशिनचा कुठला भाग काय मोजणार हे त्यात नीट सांगितलंय आणि ते ऐकताना क्लासमध्ये बसल्यासारखं वाटत नाही. कारण सोपं आहे. ती तिथली होती. तो बोगदा ही तिची गल्ली होती.

आता या, आपल्या गल्लीत.

मुंबईच्या हिप-हॉपचा नियम एकच. असली पाहिजे, बॉस! जे जगलास तेच बोल. अंधेरीच्या जे. बी. नगरमधला डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, आणि कुर्ल्याचा नेझी, म्हणजे नावेद शेख, यांनी हा नियम घालून दिला. नेझीने २०१४मध्ये ‘आफत’ आयपॅडवर केलं. २०१५मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं आणि २०१९मध्ये ‘गली बॉय’ने ते सगळं घराघरात पोचवलं. पत्रे, पाणी, पोलीस, आई, दोस्त, भूक. हे ज्याने पाहिलंय, माइक त्याचा.

मग प्रॉब्लेम सुरू होतो तो बोरिवलीच्या सोसायटीत वाढलेल्या, मुलुंडच्या क्लासला जाऊन सीईटी दिलेल्या, पंधरा तारखेला ईएमआय कापला जाणाऱ्या पोराचा. त्याने काय बोलायचं? बरेचजण खोटं बोलतात. टू बीएचकेमध्ये बसून ‘स्ट्रगल’, ‘सडक’, ‘भाई’ वगैरे सुरू. मी ओपन माइकच्या रात्री असे कितीतरी ऐकलेत. पब्लिक टाळ्या वाजवतं, पण ती उपचाराची टाळी असते. त्या पोराच्या डोक्यात खरं काय चालू असतं? कोड. सूर्यग्रहण. चेसची ओपनिंग. ‘विज्ञानावर रॅप’ ही आयडिया मला सीरियसली घ्यावीशी वाटते ती यासाठी. दुसऱ्याचं दुःख उसनं आणण्यापेक्षा स्वतःचं वेड बोलणं जास्त असली आहे.

आणि विज्ञान म्हणजे काही फक्त सोसायटीवाल्यांची मालमत्ता नाही. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. आजूबाजूला दाटीवाटीने घरं आणि मधोमध साधारण २०० फूट उंचीचा काळाकुट्ट सरळसोट खडक, वर गावदेवीचं मंदिर. तो बेसाल्टचा आहे. वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचा. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात आणि बाजूबाजूला रचून ठेवल्यासारखे खांब तयार होतात. अमेरिकेत असाच ‘डेव्हिल्स टॉवर’ बघायला लोक तिकीट काढून जातात. आपल्याकडे त्याच्या पायथ्याशी क्रिकेट चालतं. रॅपरला आपल्या एरियाचा अभिमान मिरवायचा असतो ना? मग याहून जुना एरिया कुणाचा असेल? मी बसल्या बसल्या चार ओळी लिहून पाहिल्या.

तुझी गल्ली किती जुनी रे? आजोबांची? पणजोबांची?
माझ्या गल्लीत दगड उभा, गोष्ट त्याची सहा कोटींची
लाव्हा गोठला तेव्हा नव्हता रस्ता, नव्हता रेल्वे ट्रॅक
डायनासोरचा खेळ खल्लास, ह्याचा रंग अजून ब्लॅक!

ग्रॅमी मिळणार नाही, माहितेय. पण बघा, यात एकही गोष्ट खोटी नाही. तरी ते क्लासच्या नोट्ससारखं वाटत नाही, कारण दगड आपला आहे.

आरेतही तेच. ‘स्वदेसी’ या ग्रुपने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. जंगल, जमीन आणि तिथल्या माणसांचा तो आवाज आहे. त्याच जंगलात एक विंचू सापडतो, त्याचं शास्त्रीय नावच ‘लायकस आरेयेन्सिस’. कारशेडच्या वादात दोन्ही बाजूंनी किती आकडे फेकले गेले! पण आपल्या गोरेगावचा पत्ता नावात घेऊन फिरणाऱ्या विंचवावर कुणी कडवं करायला काय हरकत होती? आणि माही जी ऐकली नसेल तर जरूर ऐका. मधुरा घाने तिचं नाव. महादेव कोळी समाजातली, शिक्षणाने इंजिनीअर. २०२४मध्ये ग्रीनपीस इंडियाबरोबर तिने ‘हीटवेव्ह’ केलं, उन्हात राबणाऱ्या माणसांवर. तापमानवाढ हा विषय एसी कॉन्फरन्स रूममधून उचलून तिने थेट रस्त्यावर नेला. हे ‘नर्ड’ गाणं म्हणायचं की ‘गली’ गाणं? मला तरी दोघांत भिंत दिसत नाही.

मेट्रो वन पकडली की चकालाचं जे. बी. नगर स्टेशन मागे पडतं आणि गाडी थेट घाटकोपरला नेऊन सोडते. तिथे चिरागनगर आहे आणि चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहायचे. शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा माणूस चाळीसच्या दशकात ‘स्टॅलिनग्राडचा पवाडा’ लिहितो. विचार करा! हजारो मैलांवरची लढाई, तिथली नावं, तिथलं राजकारण आणि ऐकणारा कोण, तर गिरणी कामगार. डफ, ठेका आणि माहितीचा मारा. शाहीर म्हणजे काय, तर अवघड बातमी तालात बसवून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारा माणूस. पवाडा म्हणजे रॅप असं घाईने म्हणणारे असतात, त्यांच्यात मी नाही. पवाड्यात मागे झीलकरी असतात, रॅपर बऱ्याचदा एकटा असतो, शिवाय दोघांचा इतिहास वेगळा. पण जड माहिती आणि ताल यांचं वैर आहे, असं निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

गणिताचं तर विचारूच नका. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. पूर्ण गणित, तेही श्लोकांत! त्यातलं भुंग्यांचं कोडं फेमस आहे. थव्याचा पाचवा भाग एका झाडावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोघांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या झाडावर आणि एक भुंगा हवेतच घुटमळतोय. एकूण किती? (पंधरा. मोबाइल काढू नका.) चाळीसगावजवळ पाटणला १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याची ती नोंद. थोडक्यात, आठशे वर्षांपूर्वीचा नर्डांचा अड्डा.

त्याच बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र होऊन गेले. त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या छंदशास्त्रींनी एक भन्नाट प्रश्न सोडवला होता. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? एका मात्रेसाठी १, दोनसाठी २, मग ३, ५, ८, १३... ओळखलंत? ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो ते हेच आकडे. आता रॅपचा एक बार घ्या. चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे, म्हणजे सोळा जागा. लघु-गुरूने त्या भरायचे प्रकार किती? १५९७. एका ओळीला! तेव्हा ‘फ्लो सुचत नाही’ हे कारण बंद. वॉर्म-अपला स्टेशनं मोजा. मुलुंड चार मात्रा, अंधेरी सहा, बोरिवली सहा, घाटकोपर सात.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त मजा आली ती दुसऱ्याच गोष्टीत. मी मराठी मीडियमची. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत, अकरावीला ते रातोरात इंग्रजी झालं. कितीतरी शब्द तिथेच सुटले. ते जड, सरकारी, कॉलेजात बोललं तर हसू होईल असे वाटायचे. रॅपच्या कानाने ते पुन्हा ऐका. परावर्तन, अपवर्तन, उत्परिवर्तन. आकर्षण, घर्षण, गुरुत्वाकर्षण. बाष्पीभवन, संप्लवन. संश्लेषण, विश्लेषण. हे पाठ्यपुस्तक नाहीये, यमकांचा कोश आहे! ‘ग्रॅव्हिटी’ तीन ठोक्यांत संपते. ‘गुरुत्वाकर्षण’ बोलायला पाच लागतात, पण त्यातले ‘त्वा’ आणि ‘र्ष’ ड्रमवर पडल्यासारखे वाजतात. आणि ‘उत्सर्जन’ला ‘विसर्जन’ मुंबईतच जुळू शकतं. धूर, समुद्र आणि सप्टेंबरची चौपाटी, अख्खं गाणं तयार आहे.

उसन्या भाषेत विज्ञान शिकलेल्या माणसाला ते आपलं वाटायला काहीतरी लागतं. न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक ख्रिस्तोफर एमडिन यांनी वू-टँग क्लॅनच्या जिझाला सोबत घेऊन २०१२-१३मध्ये नेमकं हेच केलं. सरकारी शाळांतल्या मुलांना विज्ञानाच्या धड्यांवर रॅप लिहायला लावलं, त्यांच्या स्पर्धा घेतल्या. आपल्याकडे महापालिकेच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गात ‘परावर्तन’वर सायफर रंगलाय, पोरं गोल करून आळीपाळीने माइक घेतायत, हे मला तरी आत्ताच दिसतंय.

खाज सुटली असेल तर सामान फार लागत नाही. फोनवर बँडलॅब फुकट आहे, लॅपटॉपवर ऑडॅसिटीही. बीट नेटवरून उचलाल तर लायसन्स वाचा, ‘फ्री’ म्हणजे बऱ्याचदा ‘पैसे कमवत नाही तोवर फ्री’. नव्वद बीपीएमचा ठेका घ्या, सोळा बार लिहा, साधारण ४३ सेकंदांत होतात. अंधेरी सुटल्यावर जोगेश्वरी यायच्या आत दोन-तीनदा म्हणून बघता येतात, शेजारच्याने वळून बघितलं तरी चालेल. रेकॉर्डिंगला स्टुडिओ नको, कपड्यांनी खच्चून भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड घाला. कपडे आवाज शोषतात, परावर्तन होत नाही. पंखा बंद करा आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. मुख्य म्हणजे यमकासाठी फॅक्ट वाकवू नका. इथली पब्लिक ऐकतानाच गूगल करते आणि सायफरमध्ये ‘प्रकाशवर्ष’ हे वेळेचं माप म्हणून वापरलंत तर संपलात. ते अंतर आहे.

राहता राहिलं स्टेजचं नाव. लाज वाटत असेल तर जुनी आयडिया आहे. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. आद्याक्षरं उलटी वाचा. जयंत विष्णू नारळीकर.