परतीची शिल्लक : नॉर्वेतील बर्फावरच्या सुट्टीचे नियोजन

बर्फावरची सहल म्हटली की उंच उतारावरून वेगाने घसरत येणाऱ्या माणसांचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु बर्फाशी माणसाचे मूळ नाते वेगाचे नसून चालण्याचे आहे. नॉर्वेत लोक शतकानुशतके पायांना लाकडी पट्ट्या बांधून रानातून, एका गावाहून दुसऱ्या गावी जात आले. ‘स्की’ हा शब्दही चिरलेल्या लाकडासाठी असलेल्या जुन्या नॉर्स शब्दापासून आला आहे. सपाट व हलक्या चढउताराच्या वाटेवरचे हे स्कीइंग म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंग. त्यात बुटाचा पुढचा भागच पट्टीला जोडलेला असतो. टाच मोकळी राहते आणि माणूस पाऊल सरकवत पुढे जातो.

ज्यांना घसरण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी स्नो-शू आहेत. रुंद तळाचे हे साधन नेहमीच्या बुटाखाली बांधले की शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो आणि पाय मऊ बर्फात खोल रुतत नाही. ज्याला चालता येते त्याला हे थोड्याच वेळात जमते. त्यामुळे एकाच कुटुंबातील तरुण स्कीवर आणि वडीलधारी मंडळी स्नो-शूवर, अशी विभागणी सहज करता येते. मात्र यंत्राने आखून दिलेल्या स्कीच्या दुहेरी चाकोरीतून स्नो-शू घालून चालू नये; ती वाट मोडते. कडेने चालणे हाच तेथील शिष्टाचार आहे.

ठिकाण कोणते निवडावे?

पहिल्या सहलीसाठी १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमान शहर लिलहॅमर आणि त्याच्या जवळचे शूशोएन हे पठारी गाव सोयीचे. ओस्लोहून लिलहॅमरला रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. शूशोएनच्या परिसरात शेकडो किलोमीटर आखीव वाटा आहेत, साहित्य भाड्याने मिळते आणि शिक्षकही मिळतात. या भूमीला इतिहासही आहे. १२०६ साली यादवीच्या काळात दोन योद्ध्यांनी बाल राजपुत्र होकोन याला भर हिवाळ्यात याच डोंगरांतून स्कीवरून सुरक्षित नेले. त्या स्मरणार्थ १९३२ पासून ‘बिर्केबाइनर’ ही ५४ किलोमीटरची शर्यत भरते. प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर बालकाचे प्रतीक म्हणून साडेतीन किलोंचे ओझे असते.

वेळ, पैसा आणि कागदपत्रे

डिसेंबरच्या अखेरीस येथे दिवस जेमतेम साडेपाच तासांचा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बारा तासांचा होतो. बर्फ भरपूर आणि उजेडही पुरेसा, असा मेळ मार्चमध्ये बसतो. ईस्टरच्या सुट्टीत मात्र स्थानिक कुटुंबेच डोंगरांकडे लोटतात आणि निवासाचे दर चढतात. तो आठवडा टाळणे हिताचे.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. विम्याच्या कागदात हिवाळी खेळांतील दुखापतीचा समावेश आहे की नाही, हे कलम हप्ता भरण्यापूर्वी वाचून घ्यावे; अनेक साध्या पॉलिसींत तो नसतो. चलन युरो नसून क्रोन आहे आणि बहुतेक व्यवहार कार्डानेच होतात. देश महागडा असल्याने स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे फायद्याचे ठरते. शाकाहारी कुटुंबाला तर तेच सोयीचे. ओट, पाव, भाजी, बटाटे, दूध दुकानांत मिळते. डाळ-तांदूळ व मसाले सोबत असले की प्रश्न मिटतो.

कपड्यांचा नियम थोडक्यात असा : अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर उबेचा आणि सर्वांत वर वारा अडवणारा. सुती कपडा घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि थांबताक्षणी अंग गारठते.

दिवसाचा हिशेब

खरे नियोजन रोज सकाळी करावे लागते. नवशिक्याचा वेग ताशी चार किलोमीटर धरला, तर आठ किलोमीटरला दोन तास. त्यात विश्रांती, खाणे आणि पडून उठणे यांसाठी आणखी दीड तास धरावा. कुटुंबाचा वेग म्हणजे सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग. जाताना उतार असेल तर येताना चढ असणार, हेही विसरू नये. म्हणून निम्मी शक्ती खर्च होण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ घड्याळावर ठरवून घ्यावी. व्यापारी जसा सगळे भांडवल एका सौद्यात गुंतवत नाही, तसेच हेही आहे.

नॉर्वेला हा धडा किंमत मोजून मिळाला. १९५० च्या ईस्टरमधील दुर्घटनांनंतर १९५२ मध्ये डोंगरात जाणाऱ्यांसाठी नियम प्रसिद्ध झाले. १९६७ च्या ईस्टरमध्ये अठरा जणांचे प्राण गेले आणि त्यांचा प्रसार नव्या जोमाने सुरू झाला. आज हे नऊ नियम तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. बेत आखा आणि वाट कोणाला तरी सांगून जा. हवामान व हिमप्रपाताचा इशारा पाहा. छोट्या फेरीतही वादळाची तयारी ठेवा. नकाशा व होकायंत्र वापरा, असे ते सांगतात. तीस अंशांहून तीव्र उतारांवर हिमप्रपाताचा धोका असतो. त्यामुळे नवख्यांनी आखीव वाट सोडून अशा उतारांवर किंवा त्यांच्या पायथ्याशीही जाऊ नये.

आठवा नियम असा आहे : परत फिरण्यात लाज नाही. विमानाचे भाडे भरलेले, रजा मोजकी आणि मुलांचा उत्साह दांडगा, अशा वेळी हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. झालेला खर्च वसूल करण्यासाठी पुढे जाणे हा बर्फावरचा सर्वांत तोट्याचा व्यवहार होय. शिखर, तळे आणि वाट पुढच्या वर्षीही तेथेच असतात. सगळी माणसे उजेडात घरी परतली, की त्या दिवसाचा हिशेब जुळला असे समजावे.