उन्हाळ्याची सुट्टी, १८५० सालच्या शेतावर

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, दे मॉइन शहराला लागून असलेल्या अर्बनडेलमध्ये ‘लिव्हिंग हिस्टरी फार्म्स’ नावाचं संग्रहालय आहे. १९७० मध्ये सुरू झालेलं. काचेच्या कपाटातल्या वस्तू बघायच्या असतील तर इथे येऊ नका. इथे चक्क शेती चालते! १७०० सालचं आयोवे आदिवासींचं शेत, १८५० सालचं नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांचं शेत, १८७६ सालचं गाव आणि घोड्यांच्या बळावर चालणारं १९०० सालचं शेत, असे चार काळ पायी फिरून बघता येतात.

उन्हाळ्यात कॉलेजची मुलं-मुली इथे इंटर्नशिप करतात. काम म्हणजे त्या काळाचे कपडे घालून त्या काळाची कामं करणं. भर जुलैत पायघोळ झगा, डोक्यावर कापडी टोपी आणि समोर धगधगणारा विस्तव. १८५० च्या ओंडक्यांच्या घरात उघड्या चुलाण्यावर स्वयंपाक होतो, १९०० च्या घरात लाकडावर चालणाऱ्या बिडाच्या शेगडीवर. (हे बघायला तिकीट आहे म्हटलं, तर आपल्या गावाकडची आजी पोट धरून हसेल.)

१८५० च्या शेतावर बैल असतात. तिकडे बैलांना ‘जी’ म्हटलं की उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे वळायची सवय लावतात. त्या बैलांना वशिंड नसतं. म्हणून मानेखालून लाकडी कमान घालून जू अडकवलेलं असतं.

अंगमेहनत जमते हो. अवघड असतात ते प्रश्न. ‘या कपड्यांत उकडत नाही का?’ हा अशा संग्रहालयांतला नेहमीचा प्रश्न, त्याला हसून उत्तर देता येतं. पण एखाद्या लहान मुलाने विचारलं, ‘यांच्या आधी इथे कोण राहायचं?’ तर? उत्तर त्याच आवारात आहे. १७०० च्या शेतावर दिसतात तशा मका, घेवडा आणि भोपळा पिकवणाऱ्या आयोवे बायका या प्रदेशात राहत होत्या. राज्याला नावही त्यांच्या जमातीचंच. १८३६ च्या करारानंतर या लोकांना मिसुरी नदीपलीकडे, आजच्या कॅन्सास-नेब्रास्काच्या सीमेवर जावं लागलं. १८५० चं ते सुंदर लाकडी घर त्यानंतरचं. विशीतल्या इंटर्नने हे आठ वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? माझ्या मते खरी परीक्षा ही आहे, भाकरी भाजणं नव्हे.

मॅसॅच्युसेट्समधल्या ‘प्लिमथ पटक्सेट’ने यावर एक मार्ग काढलाय. तिथल्या इंग्रज वस्तीतले कर्मचारी सतराव्या शतकातली माणसं बनूनच बोलतात, पण वाम्पानोआग वस्तीतले मूळनिवासी कर्मचारी आजची माणसं म्हणून बोलतात. साहजिकच आहे. जुन्या काळातलं पात्र पुढे काय झालं ते सांगणार कसं?

भारतात असं काही करायचं असेल तर चेन्नईजवळ मुट्टुकाडचं ‘दक्षिणचित्र’ आहे. १९९६ मध्ये खुलं झालेल्या या जागेत दक्षिणेतल्या राज्यांमधली जुनी घरं उतरवून आणून पुन्हा उभी केली आहेत. इथेही विद्यार्थी इंटर्नशिप करतात. आपल्याला पाहुण्यांशी बोलायचं काम हवं की जुन्या वस्तूंच्या नोंदी करायचं, हे मात्र अर्ज करण्याआधीच ठरवा.