चौथीच्या गणितातली गोळी

कलाश्निकोव्ह रायफलमधून सुटलेली गोळी सेकंदाला ८०० मीटर जाते. रशियन सैनिक ३२०० मीटरवर उभा आहे आणि मुजाहिदाने त्याच्या कपाळावर नेम धरला आहे. तर गोळी कपाळापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतील?

उत्तर चार. या आशयाचं उदाहरण अफगाण मुलांच्या चौथीच्या गणिताच्या पुस्तकात खरोखर छापलेलं होतं. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या आणि लाखो निर्वासित पाकिस्तानात छावण्यांत राहत होते, त्या काळातली ही क्रमिक पुस्तकं. त्यांच्यामागे पैसा अमेरिकी सरकारचा होता. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा इथल्या अफगाण अभ्यास केंद्राला शिक्षणाच्या कामासाठी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर मिळाले. मजकूर मुजाहिदीन पक्षांच्या शिक्षणकेंद्राबरोबर बसून ठरला. पुस्तकं पश्तू आणि दरी भाषांत निघाली. मुळाक्षरं शिकवायला बंदूक आणि जिहाद, मोजायला शिकवायला रणगाडे आणि सुरुंग. पुढे तालिबानने हीच पुस्तकं वापरली, फक्त चित्रांतले माणसांचे चेहरे तेवढे खोडले.

गणित म्हणून त्या उदाहरणात खोट काढता येत नाही. अंतर भागिले वेग, बरोबर. रशियनाचा द्वेष करा, असं त्यात कुठेही सांगितलेलं नाही. द्वेष आहे तो ‘दिलेल्या माहिती’त. पोराची परीक्षा भागाकारात. चुकला तर चूक भागाकाराची. माणसाच्या कपाळावर नेम का धरायचा, हा प्रश्न उदाहरण सुरू होण्याआधीच सुटलेला आहे.

मोठ्यांनी दिलेली माहिती मूल मुकाट घेतं, यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. नवल आहे, आणि केवढं! ते कळायला युगांडात जावं लागतं. व्हिक्टोरिया सरोवरातल्या एनगांबा बेटावर अनाथ चिंपांझी सांभाळतात. तिथे व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांनी एक पेटी नेली. संशोधक काठी घेऊन आधी पेटीच्या वरच्या भोकात ढोसायचा, मग समोरची झडप सरकवून आतला खाऊ काढायचा. पेटी काळी, आतलं दिसत नसलेली, तेव्हा चिंपांझींनी सगळं जसंच्या तसं केलं. मग तशीच पेटी पारदर्शक करून दिली. वरचं भोक आत एका आडव्या पडद्यापाशीच संपतं, खाऊशी त्याचा काही संबंध नाही, हे आता उघड दिसत होतं. चिंपांझींनी वरची ढोसाढोस सोडली आणि थेट झडप उघडली. हाच प्रयोग तीन-चार वर्षांच्या मुलांवर झाला. पारदर्शक पेटी समोर असतानाही मुलं वरच्या भोकात काठी ढोसत राहिली, अगदी मन लावून. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांनी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना आधीच बजावलं की निरुपयोगी गोष्टी करू नका, त्या वेडगळ आहेत. तरी मुलं त्या करतच राहिली. हा शहरी गोऱ्या मुलांचाच गुण असेल, अशी शंका घ्यायलाही जागा राहिली नाही, कारण २०१० मध्ये कलाहारी वाळवंटातल्या सान समाजाच्या मुलांनीही तेच केलं.

म्हणजे चिंपांझी शहाणा आणि आपलं मूल खुळं? मला तर उलट या खुळेपणातच मनुष्यजातीचं सारं भांडवल दिसतं. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल का घालायचं, हे आजीला विचारलं तर ती म्हणेल, नाहीतर घसा खाजतो. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. पण सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधीपासून नातीने आजीचं पाहून आंबट घातलं आणि घरादाराचे घसे वाचले. कारण कळेपर्यंत थांबली असती तर अळू कुणी खाल्लंच नसतं. शेती, औषध, भाषा, नाव चालवणं, सगळं असंच पुढे आलं. प्रार्थनाही अशीच आली. आणि कपाळावरचा नेमही त्याच वाटेने आत येतो.

पण मूल म्हणजे कोरी पाटी, काहीही लिहा, हेही खरं नाही. मेलिसा केनिग आणि पॉल हॅरिस यांच्या प्रयोगात दोन मोठी माणसं मुलांसमोर बसली. एक चेंडूला चेंडू म्हणायचा, दुसरा चेंडूला बूट. मग दोघांनी एका अनोळखी वस्तूची वेगवेगळी नावं सांगितली. तीन-चार वर्षांच्या मुलांनी कुणाचं नाव उचललं असेल? जो आधी बरोबर होता त्याचं. चार वर्षांचं पोर साक्षीदाराची विश्वासार्हता तपासतं! पण ते तपासतं कशाने? दुसऱ्या माणसाने. दुसरा कुणी समोर असेल तरच एकाचं खोटं दुसऱ्याच्या खऱ्यापुढे उघडं पडतं. सगळेच चेंडूला बूट म्हणू लागले तर मुलाच्या हातातली ही एकुलती एक मोजपट्टी जाते.

आता दोन संशोधनं शेजारी ठेवतो. दोन्ही धार्मिक शिकवणीबद्दल आहेत आणि पहिल्या वाचनात एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात.

पहिलं लॅरी न्यूची आणि एलियट ट्युरिएल यांचं. त्यांनी आमिश-मेनोनाइट या कर्मठ ख्रिस्ती पंथातल्या आणि सनातनी ज्यू घरांतल्या मुलांना विचारलं: रविवारी किंवा शब्बाथला काम करू नये, असा नियम देवाने केलाच नसता तर काम केलेलं चालेल का? बहुतेक मुलं म्हणाली, चालेल. देवाने चोरी करू नका, मारू नका असं सांगितलं नसतं तर? तरीही चूकच, असं बहुसंख्य मुलं म्हणाली. आणि देवानेच चोरी करा म्हटलं तर? तेव्हाही बहुसंख्यांनी नकार दिला. देव असं सांगणारच नाही, या दिशेने त्यांचा विचार गेला. कडक धर्मशिस्तीत वाढलेली ही मुलं. देवाचा नियम आणि दुसऱ्याला होणारी इजा यांतला फरक त्यांना स्वच्छ कळत होता. हे वाचताना ऊर भरून येतो.

दुसरा प्रयोग जॉर्ज तामारिन यांचा, १९६० च्या दशकातला, इस्रायलमधला. आठ ते चौदा वर्षांच्या हजाराहून अधिक शाळकरी मुलांना त्यांनी बायबलमधली यरीहोची कथा वाचायला दिली. यहोशवा शहर जिंकतो, आणि पुरुष, बायका, मुलं, म्हातारे, गुरं सगळी कापली जातात. यहोशवाने योग्य केलं का? ६६ टक्के मुलांनी पूर्ण पाठिंबा दिला आणि २६ टक्क्यांनी साफ नाकारलं. दुसऱ्या गटाला तीच कथा नाव-गाव बदलून दिली. यहोशवाच्या जागी सेनापती लिन आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं एक चिनी राज्य. आता पूर्ण पाठिंबा फक्त ७ टक्के, आणि ७५ टक्के मुलं म्हणाली, चूक.

एकाच देशातली मुलं, एकच कत्तल, आणि उत्तर पालथं. देव आज्ञा देईल तरी चोरी चूकच म्हणणारी मुलं खरी की ही खरी? माझ्या मते दोन्ही खरी. न्यूचींनी मुलांना उघडा प्रश्न विचारला आणि त्यांच्या विवेकाला बोलायला जागा दिली. तामारिनच्या कथेत नायक आधीच ‘आपला’ होता. लहानपणापासून मनात मानाने बसलेला पूर्वज योग्यच वागला असणार, ही दिलेली माहिती. सेनापती लिन कुणाचाच कुणी नव्हता, म्हणून त्याच्या तलवारीवरचं रक्त दिसलं. कोणत्याही पंथाच्या, कोणत्याही देशाच्या शाळेत ज्याच्या-त्याच्या वीरकथेतली नावं अशी बदलून पाहावीत. इस्रायलच्या मुलांकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही.

मात्र त्या ६६ टक्क्यांतून ६६ टक्के मारेकरी निघाले नाहीत. कागदावर ‘योग्य’ लिहिणं आणि हातात शस्त्र घेणं यांत मोठी दरी आहे. ती ओलांडायला काय लागतं, हे इराकच्या सिंजार भागात दिसलं. ऑगस्ट २०१४ मध्ये तथाकथित इस्लामिक स्टेटने तिथल्या यझिदी गावांवर हल्ला केला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने जून २०१६ च्या अहवालात याला वंशसंहार म्हटलं आणि मुलांचं काय केलं तेही नोंदवलं. मुलगा सात वर्षांचा झाला की आईपासून काढून सीरियातल्या छावणीत न्यायचा. नवं नाव द्यायचं. धर्माचे धडे आणि शस्त्रांचं शिक्षण एकत्र, शिवाय माणसं मारल्याच्या चित्रफिती दाखवायच्या. तुझा जुना धर्म सैतानाचा, हे रोज ऐकवायचं.

या क्रमात सर्वांत आधी काय काढून घेतलं ते पाहा. आई, नाव, भाषा. चेंडूला चेंडू म्हणणारं माणूसच समोरून हटवलं. परत आलेल्या कित्येक मुलांना आपली कुर्मांजी बोली बोलता येत नव्हती, घरच्यांशी बोलायला शब्द उरले नव्हते. आणि नुसत्या शिकवणीवर भागलं नाही, म्हणून मारझोड आणि भूकही वापरली गेली. एवढं सगळं करावं लागतं, याचा अर्थ मुलाच्या आतला प्रतिकार चिवट असतो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यानुसार जवळपास दोन हजार यझिदी मुलं घरी परतली. घाव घेऊन परतली, पण परतली.

मग कट्टर धर्मशाळा म्हणजे दहशतवाद्यांचा कारखाना, हे समीकरण बरोबर का? आकडे तसं म्हणत नाहीत. पीटर बर्गन आणि स्वाती पांडे यांनी १९९३ ते २००५ मधल्या पाच मोठ्या हल्ल्यांतल्या पाऊणशेहून अधिक जणांची पार्श्वभूमी तपासली. निम्म्याहून अधिक कॉलेजात गेलेले, मदरशात शिकलेले सुमारे ११ टक्के. दिएगो गाम्बेत्ता आणि स्टेफन हर्टोग यांना इस्लामी अतिरेक्यांमधल्या उच्चशिक्षितांत सर्वांत मोठा गट अभियंत्यांचा आढळला. मार्क सेजमन यांच्या अभ्यासात बहुतेकांना आत ओढणारा धागा मैत्रीचा किंवा नात्याचा निघाला. आधी मित्र आत गेला, मग त्याच्यामागून हा.

मुंबईवर २००८ मध्ये हल्ला करायला आलेल्या दहा जणांपैकी जिवंत सापडलेल्या कसाबची कहाणीही या समीकरणात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालपत्रात त्याचा कबुलीजबाब विस्ताराने आहे. शाळा चौथीत सुटली, पुढे लाहोरला मजुरी, आणि विशीच्या आसपास एका मित्राबरोबर रावळपिंडीत लष्कर-ए-तोयबाचं कार्यालय गाठलं. त्याच्या मनावरचं खरं काम त्यानंतर, प्रशिक्षणाच्या छावण्यांत झालं. हल्ल्याच्या रात्री त्याला जिवंत पकडून देताना पोलीस तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेतल्या. त्या रात्रीचा उगम एखाद्या लहान मुलाच्या पाठांतरात शोधायला गेलो तर हाती फारसं लागत नाही.

म्हणून घराघरातल्या स्तोत्रपाठाकडे किंवा मदरशातल्या पाठांतराकडे संशयाने पाहणं मला चुकीचं वाटतं. पाठांतर पाढ्यांचंही असतं. धोका नेमका तिथे आहे जिथे बाहेरचा माणूस केवळ अंतर आणि लक्ष्य म्हणून पुस्तकात येतो आणि त्याच्याबद्दल वेगळं सांगणारं कुणी मुलाच्या आसपास राहू दिलं जात नाही. अशा समाजातली बहुतेक मुलं हत्यार उचलत नाहीत. पण उद्या शेजारचा कुणी उचलेल तेव्हा त्यांना त्यात वावगं वाटत नाही. मला भीती या शांत संमतीची जास्त वाटते.

उलटा रस्ता आहे का? पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात २००९ मध्ये तालिबानच्या तावडीतून सुटलेल्या किशोरांसाठी ‘सबाऊन’ नावाचं केंद्र उघडलं. ते उभं करण्यात मानसशास्त्रज्ञ फरीहा पराचा यांचा मोठा वाटा होता. तिथे नेहमीची शाळा होती, हाताला कसब देणारं शिक्षण होतं, धर्माचा जाणता शिक्षक होता, कुटुंबाशी पुन्हा गाठ घालणं होतं, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा होता. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की मुलाभोवती पुन्हा अनेक माणसं आली, आणि त्यांची मतं एकसारखी नव्हती.

उत्तर आयर्लंडमध्ये हाच विचार फार लवकरच्या वयापासून करावा लागतो. पॉल कॉनोली यांच्या २००२ च्या पाहणीत तीन ते सहा वर्षांची ३५२ मुलं होती. तिसऱ्या वर्षीच कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांच्या आवडीनिवडी, झेंडे, पोलिसांबद्दलचं मत वेगळं पडू लागलेलं. सहाव्या वर्षी तिसरा हिस्सा मुलं स्वतःला एका गटाची मानत होती आणि १५ टक्के मुलं दुसऱ्या गटाबद्दल विखारी बोलत होती. यांतल्या बहुतेकांना कुणी बसवून द्वेष शिकवला नव्हता. तो स्वयंपाकघरातल्या गप्पांतून, रस्त्यावरच्या मिरवणुकांतून आला. त्याच्या एकवीस वर्षं आधी, १९८१ मध्ये, बेलफास्टच्या काही पालकांनी दोन्हीकडची मुलं एका वर्गात बसवायचं ठरवलं. बाहेर बॉम्ब फुटत होते. लॅगन कॉलेज ही त्यांची शाळा २८ मुलांवर सुरू झाली, आज तिथे हजाराहून अधिक मुलं शिकतात. पण साऱ्या उत्तर आयर्लंडात अशा एकत्रित शाळांत जाणारी मुलं अजून शंभरात दहासुद्धा भरत नाहीत.