काचळीवरची काच

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले ढाणकी हे विदर्भाच्या काठावरचे गाव. दक्षिणेला पैनगंगा, आणि ती ओलांडली की मराठवाडा. या टापूत बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आणि सणासुदीला, बाजाराला एखादी वयस्क बंजारा बाई अजूनही पूर्ण पोशाखात दिसते. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, पाठ उघडी ठेवणारी काचळी, डोक्यावर टुकरी. या सगळ्यावर गोल, चौकोनी, तिकोनी आरसे टाचलेले. ती उन्हात चालू लागली की शेजारच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पळतात.

गंमत अशी, की अंगावर इतके आरसे असून तिला त्यांतल्या एकातही स्वतःचा चेहरा नीट दिसत नाही. सगळ्या आरशांची तोंडे बाहेर. त्यांत दिसतो तो समोर उभा असलेला माणूस, आणि तोही इवलासा.

हा इवलेपणा काचेच्या घडणीतून येतो. भरतकामासाठीची पारंपरिक काच सपाट पत्र्यासारखी नसते. काचेचा मोठा फुगा फुंकतात, त्याला आतून कल्हई करतात आणि मग तो फोडून तुकडे कापतात. गुजरातेतले कपडवंज या कामासाठी नावाजलेले. फुग्याचा तुकडा म्हटल्यावर त्याला बाहेरून किंचित फुगवटा राहतो, आणि बहिर्वक्र आरशात प्रतिमा लहान पण सुलटी पडते. त्यामुळे नखाएवढ्या काचेत समोरच्याचा अख्खा चेहरा मावतो, मागचे झाडसुद्धा. या काचेला भोकही पाडत नाहीत. आधी तिच्यावर आडव्या-उभ्या धाग्यांची चौकट ताणायची आणि मग त्या धाग्यांत सुई अडकवत कडेने टाके घालत जायचे. काच धाग्यांच्या पकडीत बसते.

आरसा हा शब्दच मुळात विचार करायला लावणारा. तो संस्कृतातल्या ‘आदर्श’वरून आला, आणि संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाच. मराठीने त्या एका शब्दाची दोन घरे केली. घासून घासून झिजला तो आरसा भिंतीवर गेला. न झिजलेला आदर्श पुतळ्यांच्या आणि भाषणांच्या वाट्याला आला. एकात माणूस आहे तसा दिसतो, दुसऱ्यात त्याने कसे असावे ते. दोहोंतले अंतर मोजण्यात पुष्कळांचे आयुष्य जाते.

स्वतःचा चेहरा रोज पाहणे ही सवय मात्र फार जुनी नाही. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात आरशात पाहून साजशृंगार करणारी राजस्त्री रंगवली आहे. ते लेणे पाचव्या शतकातले, वत्सगुल्माच्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, यवतमाळला लागूनच. तिच्या हातातला आरसा धातूचा असणार, घासून चकचकीत केलेला. असा आरसा राजवाड्यात असे; बाकीच्यांना विहिरीचे पाणी, नाहीतर घासलेल्या ताटाचा तळ. युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली काचेवर रसायनाने चांदीचा थर चढवण्याची रीत शोधली, आणि पुढे त्याच वाटेने आरसा स्वस्त होत गेला. खुंटीवरचा वीतभर आरसा ही सामान्य घरातली वस्तू झाली, त्याला दोन शतकेसुद्धा झालेली नाहीत.

त्याच सुमारास मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या या पत्राचे नाव ‘दर्पण’. मजकूर मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. समाजाने स्वतःला पाहावे, हा हेतू नावातच होता. पण त्या पानांत राज्यकर्त्यालाही डोकावता यावे अशी सोय होती.

आरशात दिसते ते आपण, हे माणसाला जन्मतः कळत नाही. पुष्कळ घरांत आजी म्हणते, दात येईपर्यंत बाळाला आरसा दाखवू नये. कारण काहीही असो, बाळाला तोवर आरशात आपण नव्हे, दुसरेच बाळ दिसते. १९७० साली गॉर्डन गॅलप या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींना भूल देऊन चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावला आणि मग समोर आरसा ठेवला. आरशाची आधी सवय झालेल्या चिंपांझींनी काचेला हात न लावता स्वतःच्या चेहऱ्यावरचा ठिपका चाचपला. माणसाचे मूल साधारण दीड ते दोन वर्षांचे झाल्यावर हे करते. झाक लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकाने त्याआधीच्या, साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या काळाभोवती ‘आरसा अवस्थे’ची कल्पना मांडली. तो म्हणे, आतून विस्कळीत असलेल्या मुलाला आरशात एकसंध आकृती दिसते आणि ते तिलाच ‘मी’ समजून बसते. म्हणजे ‘मी’ची सुरुवातच बाहेरच्या एका चित्रातून होते.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी हा धागा उलट बाजूने ओढला. चांगदेवांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत, ‘चांगदेव पासष्टी’त, आरशाचा दृष्टांत येतो. आरसा नसला म्हणून मुख नाहीसे होत नाही, अशा अंगाने तो विचार जातो. लाकाँला आरशावाचून ‘मी’ सापडत नाही. ज्ञानेश्वरांना आरसा बाजूला सारल्यावरच तो उरतो.

पण आरसा दुसऱ्याच्या हातात असेल तर?

बंजारा स्वतःला ‘गोर’ म्हणवतो आणि बाहेरच्याला ‘कोर’. हे झाले त्याचे स्वतःचे पाहणे. शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फिरणारा हा समाज रेल्वे आली तसा धंद्यातून उठला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ काही प्रांतांत त्यालाही लागली. कोराने धरलेल्या आरशात गोराचा चेहरा गुन्हेगाराचा दिसू लागला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आज महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. सीमेपलीकडे दिलेल्या लेकीची माहेरची यादी एक, सासरची दुसरी. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीच्या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, त्याने यादीतला हा गोंधळ मिटला नाही.

मराठीत आरसा स्वतःच्या हाती घेण्याचे काम आत्मकथनांनी केले. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’ची रचनाच आरशासारखी आहे: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि दोघे एकच. शिकलेला, शहरात रुळलेला माणूस समोर बसलेल्या स्वतःच्याच जुन्या चेहऱ्याला नीट नजर देऊ शकत नाही. हे अवघडलेपण त्या पुस्तकाचे खरे बळ. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि बंजारा जीवनावरचे आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ त्याच वाटेवरचे. या लेखकांनी काच फिरवून तोंड आत केले, आणि तरी ती वाचणाऱ्याच्याही चेहऱ्यावर रोखलेली राहिली.

फेटिया-काचळी आता रोजच्या वापरात फारशी नाही. ती तीजेला, होळीला, लग्नाला पेटीतून निघते. एरवी तांड्यातली सून साडीत आणि मुलगी ड्रेसमध्ये. आरशाच्या जागी पुष्कळदा प्लास्टिकची चकाकती चकती असते. ती हलकी आणि स्वस्त, पण तिच्यात चेहरा उमटत नाही. पलीकडे कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

टाके टिकवता येतील. बोलीचे काय? गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. २०११च्या जनगणनेत जवळपास ३३ लाख लोकांनी आपली मातृभाषा लमाणी किंवा लंबाडी सांगितली, आणखी सुमारे १६ लाखांनी बंजारी. भाषांच्या सरकारी तक्त्यात हे सगळे हिंदीच्या बेरजेत धरले आहेत.