पहिला टाकला की गाडी बंद!

क्लच पूर्ण दाबलेला, तरी पहिला गिअर टाकताच जुनी स्प्लेंडर ‘खाट’ करून पुढे उडी मारते आणि बंद पडते. मेकॅनिक लगेच कार्ब्युरेटर खोलायला बसतो. उगाच! न्यूट्रलला इंजिन नीट चालत असेल, तर संशय क्लचवर घ्यावा. त्याच्या प्लेटा ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. लिव्हर दाबला की त्या एकमेकींपासून सुटायला हव्यात. केबल सैल झाली असेल तर त्या पुरत्या सुटत नाहीत आणि आयडलवरच्या इंजिनावर चाकाचा भार येतो. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढिलाई ठेवा. अजिबातच नसेल तर क्लच घसरून प्लेटा जळतात. तरीही त्रास राहिला, तर ऑइल बदलून बघा. डब्यावर ‘जासो एमए’ हे ऑइलमधल्या क्लचसाठीचं मानक छापलेलंच घ्या. मग उरतात क्लच हाउसिंगला पडलेल्या खाचा. ते काम मात्र गॅरेजचंच.